मापून दिलेली शिक्षा

सोमवार, ४ मार्च

माननीय प्रशासकीय अधिकारी महोदय,

तुला 'महोदय' लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी शेजारणीच्या मुलीची बदली रद्द व्हावी म्हणून मी तुझ्यापाशी शब्द टाकला, तेव्हा तूच बजावले होतेस, "आत्या, कार्यालयाचं काम कार्यालयाला लिही. मला घरी सांगत जाऊ नकोस." त्यानंतर तू घरीच येईनासा झालास, त्यामुळे घरी सांगण्याचा प्रश्न आपोआप मिटला. आता कार्यालयाला लिहिण्याजोगे काम निघाले आहे. म्हणून हे पत्र.

तुझ्या सहीचा एक इंग्रजी आदेश काल माझ्या वाचनात आला. रुग्णालयाच्या धुलाई विभागातील एका बाईंना तो २८ फेब्रुवारीला देण्यात आला आहे. शस्त्रक्रियेच्या चादरी वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रावर त्यांनी बावीस वर्षे काढली, म्हणून सारे त्यांना वाफवाल्या मावशी म्हणतात. रोज दुपारी चार वाजता माझ्या खोलीत ग्रंथवाचन असते. त्याला त्या नऊ वर्षे येत आहेत. गुडघे वाकत नाहीत, म्हणून दाराशी बसतात आणि उठताना चौकट धरतात.

काल वाचन संपल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "आत्याबाई, वर माझं नाव आहे एवढं कळलं. खाली तुमच्या भाच्याची सही आहे. मधलं तेवढं सांगा."

समोरच्या शिंपीणबाईंनी डोके पुढे काढले. "सही आहे की इमारतीचा नकाशा? एवढी मोठी सही करणारा माणूस वाईट बातमी देणार नाही बघा."

मी वाचले. मावशींना नोकरीतून कमी केले आहे. रुग्णालयाने दिलेली खोली एकतीस मार्चपर्यंत रिकामी करायची आहे. त्या खोलीत त्यांचे यजमान चार वर्षे अंथरुणाला खिळून आहेत, हे तुला ठाऊक नसेल तर ठाऊक असावे. अपील करायचे तर तीस दिवसांत.

हे सारे कठोर आहे, पण मला चीड आली ती एका क्रियापदाची. शिक्षा तू 'दिली' नाहीस. शिक्षा 'मीटेड आउट' झाली आहे, आणि तीही 'हिअरबाय', म्हणजे या कागदाद्वारे. मी एकतीस वर्षे मुलींना अभिजात भाषा शिकवली. इंग्रजी माझी नव्हे. पण कोश कसा उघडायचा ते मला येते. जाड कोश मांडीवर घेऊन मी ते क्रियापद शोधले. मूळ अर्थ मोजणे. मापून, ज्याचा त्याला वाटा काढून देणे.

तर महोदय, माझा प्रश्न सरळ आहे. मोजले कोणी? आपल्या जुन्या भाषेतही दंड म्हणजे काठी, आणि काठी हेच जमीन मोजायचे माप. पण त्या काठीच्या दुसऱ्या टोकाला नेहमी एक हात असे. राजाचा, गुरूचा, पित्याचा. तो हात चुकला तर त्याला प्रायश्चित्त सांगितलेले असे. कोणाच्याच हातून न सुटलेली, आपसूक मापली गेलेली शिक्षा मला आजवर कोणत्याही ग्रंथात आढळली नाही. ती तुझ्या कार्यालयात आढळली.

मावशींवर ठपका असा की त्यांनी पुरती वाफ न मिळालेली चादरींची गाठोडी शस्त्रक्रियेच्या दालनात पाठवली. गाठोड्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफ पोचली की ती काळी पडते. त्या दिवशी पट्ट्या फिकट राहिल्या, परिचारिकेच्या ते लक्षात आले, आणि एका रुग्णाची शस्त्रक्रिया चार तास लांबली. रुग्ण सुखरूप आहे. मावशींचे म्हणणे असे की त्यांनी पट्ट्या पाहण्यापूर्वीच सुपरवायझरने घाईघाईत गाठोडी उचलून नेली. तुझ्या आदेशात सुपरवायझर हा शब्द एकदाही नाही. चौकशीचा आधार म्हणून मावशींनी दिलेल्या अर्जाचा उल्लेख आहे. त्या अर्जाविषयी मला आत्ता काही लिहायचे नाही.

मला उत्तर हवे आहे: माप कोणते होते, आणि ते कोणाच्या हातात होते.

कार्यालयीन उत्तराची वाट पाहणारी,
एक नागरिक


शनिवार, ९ मार्च

महोदय,

उत्तर मिळाले. टंकलिखित, जावक क्रमांकासह. 'विषयांकित प्रकरणी त्रयस्थ व्यक्तीशी पत्रव्यवहार करता येत नाही.' खाली तुझी सही नाही. 'करिता' म्हणून कोणीतरी केली आहे. म्हणजे शिक्षा कोणी दिली नाही आणि उत्तरही कोणी दिले नाही. तुझ्या कचेरीत माणसे बसतात की नुसत्या खुर्च्या, असा मला प्रश्न पडला आहे.

तुला गोवर निघाला होता तेव्हा ही त्रयस्थ व्यक्ती नऊ दिवस तुझ्या उशाशी बसली होती. तुझे आईवडील गेल्यावर हिनेच तुला वाढवले. सहाव्या वर्षी तू घराचे नियम लिहून भिंतीला चिकटवलेस, 'चप्पल ओळीत ठेवावी, पेन्सिल विचारून घ्यावी', आणि सगळे तुला दिवाणजी म्हणू लागले, तेव्हा ती चिकटवायला खळही हिनेच करून दिली होती. हे उपकार म्हणून सांगत नाही. त्रयस्थ या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा, एवढ्यासाठी सांगते.

तू सांगत नाहीस म्हणून मी स्वतः धुलाई विभागात गेले. तळघराच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, तोही हलतो. खाली ओल्या कापडाचा वास, साबणाचा फेस, आणि मध्यभागी ते यंत्र, लोखंडी दाराचे, एखाद्या तिजोरीसारखे. सुपरवायझर पुढे आले.

"काकू, बाहेरच्यांना इथे परवानगी नाही."

"मी बाहेरची नाही. तुमच्या साहेबांची आत्या."

होय, मी तुझे नाव वापरले. ज्या वशिल्यावरून तू माझ्याशी बोलणे टाकलेस, तोच वशिला मी तुझ्याच तळघरात वापरला, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सुपरवायझरांनी मला खुर्ची दिली. पुसून दिली.

यंत्रापाशी दुरुस्तीवाला हात पुसत उभा होता. मी त्याला दाबाच्या काट्याबद्दल विचारले. तो हसला. "काटा बघायचाय? बघा." त्याने यंत्र बंद केले. वाफ फुसफुसत निघून गेली, दार उघडले, आत हात घालता येईल इतके ते निवले. काटा होता तिथेच. अगदी योग्य आकड्यावर, ताठ.

"सहा महिने झाले, असाच उभा आहे," तो म्हणाला. "मावशी तीनदा बोलल्या. मी तीनदा लिहून दिलं. हे साहेब म्हणाले, काटा बरोबर जागी आहे ना, मग तक्रार कसली?"

सुपरवायझर म्हणाले, "अरे, ते मी गमतीत म्हटलं होतं."

"गंमत चांगली होती साहेब. नोकरी मात्र मावशींची गेली."

तुझ्या चौकशीत या दुरुस्तीवाल्याला कोणी बोलावले नाही. बोलावण्याची गरज पडली नाही, कारण मावशींनी कबुली दिली होती. तर आता त्या अर्जाविषयी.

तो अर्ज माझ्या हाताचा आहे.

मावशी खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या. तू त्यातली वाक्ये आदेशात अवतरणचिन्हांत घातली आहेस: 'सर्व अपराध माझाच आहे. मी अज्ञ, शिक्षेस सर्वथा पात्र. आपण थोर आहात, आपल्या चरणी क्षमेची याचना करते.' इंग्रजीत ती वाक्ये कशी नागडी दिसतात, तेही मी पाहिले.

ही भाषा तू ओळखली नाहीस, असे मला सांगू नकोस. ही आपल्या रात्रीच्या प्रार्थनेची भाषा आहे. आठ वर्षांचा असताना तू डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणायचास की माझ्या पापांना गणती नाही, आणि लगेच डोळे उघडून दूध मागायचास. त्या पापांची चौकशी लावून तुला कोणी नोकरीतून कमी केले नाही. नम्र माणूस मोठ्यापुढे असेच बोलतो. आधी सारा दोष आपल्याकडे घेतो, म्हणजे समोरच्याला दया दाखवायला जागा होते. मी त्याच परंपरेने लिहिले. ती परंपरा तुला माहीत होती, त्या चौकशीच्या टेबलावर फक्त तुलाच माहीत होती, आणि तू तिचे कबुलीजबाब म्हणून भाषांतर करून घेतलेस. याला मी चूक म्हणत नाही. ही लबाडी आहे.

तुझी त्रयस्थ आत्या


शुक्रवार, १५ मार्च

दिवाणजी,

या वेळी तू स्वतः लिहिलेस. जावक क्रमांक नाही, सही आहे, आणि ओळी मोजून सहा. त्या मी इथे पुन्हा लिहून काढते, म्हणजे आपण काय लिहिले हे तुला माझ्या अक्षरात दिसेल.

'आत्या, अर्ज तुझ्या हातचा आहे हे पहिल्या ओळीलाच कळलं. पण कबुली ती कबुली. अकरा वर्षांचा असताना मीही एक दिली होती. शब्द तुझेच होते, आणि तू ती खरी मानलीस. एकवीस दिवस मी उंबऱ्याबाहेर बसून वाचन ऐकलं. तेव्हा हे प्रार्थनेतलं बोलणं आहे की खरं, असं मला कुणी विचारलं नाही.'

पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा ठेवले. संताप म्हणजे काय हे मी पंच्याहत्तर वर्षे ग्रंथांत वाचत आले. काल तो अंगात आला.

तू काय काय एका तागडीत घालतोस? एकीकडे अंथरुणाला खिळलेला नवरा घेऊन घराबाहेर पडायची वेळ आलेली बाई, आणि दुसरीकडे अकरा वर्षांचा मुलगा, ज्याला वेळेवर जेवण मिळत होते, शाळेत पाठवले जात होते, ज्याच्या अंगाला कोणी बोट लावले नव्हते. तुझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेला ग्रंथ मी बऱ्याच वर्षांनी उघडला, तेव्हा त्यातले एक पान नाहीसे झाले होते. घरात आपण दोघेच. कागदाच्या होड्या करण्याची सवय कोणाला होती? मी तुला विचारले. तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, अपराध माझाच आहे, मी शिक्षेस पात्र आहे. मी काय समजायला हवे होते? मुलाला वळण लावायचे असते. ग्रंथाचा मान राखायला शिकवायचे असते. एकवीस दिवस मी विचार करून ठरवले होते, रागाच्या भरात नाही. मोजून ठरवले होते.

हे शेवटचे वाक्य लिहिले आणि माझी लेखणी थांबली. खोडत नाही. खोडाखोड केलेले पत्र पाठवण्याची मला सवय नाही.

मावशींच्या खोलीत कालपासून बांधाबांध सुरू आहे. शिंपीणबाईंनी जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवून दिल्या. मावशी म्हणाल्या, "सामान काय, दोन फेऱ्यांत जाईल. यांची खाट तेवढी अडते. दारातून आत आली तेव्हा चार माणसं होती. आता आहेत कुठे?" यजमान खाटेवरून म्हणाले, "मला इथेच ठेवा. नव्या माणसाला फर्निचर म्हणून द्या." दोघेही हसले. मला हसता आले नाही.

आज इथेच थांबते. पुढे लिहिले तर जे लिहायचे नाही ते लिहिले जाईल.

आत्या


शुक्रवार, २२ मार्च

दिवाणजी,

लिहायचे नव्हते ते लिहिते.

ते पान सापडले होते. तू चौदा वर्षांचा असताना. ग्रंथाला नवी बांधणी करायला दिली, तेव्हा बांधणाऱ्याने जुन्या पुठ्ठ्याच्या आत चिकटलेले पान काढून माझ्या हातात ठेवले. "बाई, हे खळीत अडकलं होतं. मागच्या बांधणीच्या वेळचं दिसतंय." मागची बांधणी तुझ्या जन्माआधीची. म्हणजे ते पान तू कधी पाहिलेही नव्हतेस. मी ते जागेवर लावून घेतले. घरी आले. तू गणिते सोडवत बसला होतास. मी तुला सांगितले नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतर बेचाळीस वर्षांत नाही.

का नाही सांगितले, याची कारणे मी स्वतःला वेळोवेळी पुरवली. मुलाच्या मनातला वडीलधाऱ्यांचा आदर ढळू नये. झाले ते विसरला असेल. शिस्तीने नुकसान तर झाले नाही. या सगळ्या कारणांना मी शास्त्राचे आधारही काढून ठेवले होते. जो वाचतो त्याला आधारांची वाण नसते.

पण यामुळे तू सुटलास असे समजू नकोस. माझा तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही. उलट आता त्याचे कारण मला नीट कळते आहे. शिक्षा भोगणाऱ्याने दिलेली कबुली किती पोकळ असते, हे सबंध रुग्णालयात एकट्या तुला अंगावरच्या अनुभवाने ठाऊक होते. माझ्याकडे अज्ञानाची सबब होती. तुझ्याकडे तीही नाही. माझ्यावर उगवायचा सूड तू एका चादरी वाफवणाऱ्या बाईवर उगवलास, आणि वर क्रियापद वापरलेस मोजून देण्याचे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही पहिलीपेक्षा लिहायला जड आहे.

मावशींनी मला खरे सारे सांगितले होते. काटा, पट्ट्या, सुपरवायझर, तीन वेळा केलेली तक्रार. त्या म्हणाल्या होत्या, "हे असंच लिहा." मी तसे लिहिले नाही. तक्रारीचा सूर लागला तर वरिष्ठ चिडतील, असे मी त्यांना सांगितले. स्वतःलाही सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. तो अर्ज तुझ्या टेबलावर जाणार हे मला ठाऊक होते. तू माझे अक्षर ओळखशील, ती जुनी वाक्ये वाचशील, आणि तुला घर आठवेल. कदाचित फोन करशील. कदाचित येशील. अर्ज मावशींचा होता, पण मजकूर मी तुला लिहीत होते. दुसऱ्या बाईच्या भाकरीवर मी माझे पत्र लिहिले.

हे मी परवा मावशींना सांगितले. वाचनाला आलेल्या सगळ्यांसमोर सांगितले, कारण अर्जाचे कौतुकही मी सगळ्यांसमोरच ऐकून घेतले होते. शिंपीणबाईंच्या हातातली सुई थांबली. मावशी चौकट धरून उठल्या.

"आत्याबाई, मी तुम्हाला विचारलं होतं, यात काय लिहिलंय. तुम्ही म्हणालात, चांगलं लिहिलंय."

"हो."

"देवाला लिहायचं ते तुम्ही साहेबाला लिहिलंत. देव नोकरीवरून काढत नाही, म्हणून त्याला काहीही लिहिलेलं चालतं."

मी क्षमा मागितली. साध्या शब्दांत मागितली, कारण दुसऱ्या शब्दांवरचा माझाच विश्वास उडाला आहे. त्या म्हणाल्या, "ती नंतर बघू. आधी हे कुठे सांगायचं ते सांगा." आणि गेल्या. तेव्हापासून त्या वाचनाला येत नाहीत.

अपील दाखल झाले आहे. सुनावणी २८ तारखेला. दुरुस्तीवाला साक्ष द्यायला तयार आहे, मीही देणार आहे. साक्ष म्हणजे काय, तर या गावात जिच्या शब्दाला लोक खरेपणाचे उदाहरण म्हणून दाखवतात, तिने उभे राहून सांगायचे की मी दुसरीच्या नावे असत्य लिहिले. त्या दिवशी तूही तिथे असशील. खाली मान घालून बसू नकोस, एवढीच विनंती. मला तुझ्या चेहऱ्याकडे बघून बोलायचे आहे.

आत्या


शनिवार, ३० मार्च

दिवाणजी,

सुनावणीला तू होतास, म्हणून तुला त्याची हकिगत सांगण्याचे कारण नाही. पण तू तिथून घाईने गेलास, आणि जे घडले त्याचा तुझ्या कार्यवृत्तात जो मजकूर येईल त्यावर माझा भरवसा नाही. तेव्हा माझ्याकडची नोंद घे.

दुरुस्तीवाल्याने तीन तक्रारींच्या प्रती दाखवल्या. सुपरवायझरांना विचारले गेले तेव्हा त्यांनी गाठोडी आपणच नेल्याचे मान्य केले. माझी पाळी आली. अपील समितीच्या अध्यक्ष, त्या निवृत्त डॉक्टरबाई, मला म्हणाल्या, "बसून सांगितलंत तरी चालेल." मी उभी राहिले. अर्ज माझा, भाषा माझी, त्यातली कबुली खोटी, आणि ती खोटी आहे हे लिहिताना मला माहीत होते, एवढेच बोलले. घरून पाठ करून आणलेली बाकीची वाक्ये मी वापरली नाहीत.

डॉक्टरबाईंनी विचारले, "पण बाई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही. असं का लिहिलंत?"

मी तुझ्याकडे बघून म्हटले, "मला कुणाला तरी घरी बोलवायचं होतं."

मग त्या तुझ्याकडे वळल्या. "हस्ताक्षर तुम्ही ओळखलं होतंत?"

"हो," तू म्हणालास.

"मग अर्जदार बाईंना बोलावून विचारलं का नाहीत?"

तू पाण्याचा पेला सरकवलास, परत जागेवर ठेवलास. "विचारलं असतं तर खरं बाहेर आलं असतं. मग अर्ज का असा लिहिला, ते विचारायला घरी जावं लागलं असतं."

टेबलापलीकडचे कारकून लिहायचे थांबले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एका घरातलं भांडण तुम्ही दोघांनी रुग्णालयाच्या धुलाईत आणून धुतलंत." त्यावर कोणी हसले नाही, आणि हसण्यासाठी ते म्हटलेही नव्हते.

आदेश रद्द झाला. काल नवा कागद मावशींना मिळाला. तोही मी वाचला. मावशींनी तो माझ्याकडे वाचायला आणला नव्हता. शिंपीणबाईंनी आणून दाखवला. 'शिक्षा मागे घेण्यात येत आहे.' या वेळी आपल्या भाषेत आहे, तेवढे बरे. पण दिवाणजी, मागे कोण घेते आहे? तुझ्या हाताला काय झाले आहे? शिक्षा देताना तो दिसला नाही आणि परत घेतानाही दिसत नाही. ज्या बाईने एक महिना नवऱ्याच्या खाटेकडे बघत काढला, तिला एका ओळीत तरी 'मी चुकलो' असे वाचायला मिळायला हवे होते. मिळाले नाही. म्हणून माझा राग अजून तसाच आहे, आणि तो जाण्याची मी घाई करणार नाही.

मावशी सोमवारी कामावर जाणार. वाफेच्या यंत्रावर नाही. त्यांनी स्वतः इस्त्रीकडे बदली मागून घेतली. काट्यावर पुन्हा विश्वास ठेवायची ताकद नाही, म्हणाल्या. हे मला सांगितले नाही, शिंपीणबाईंना सांगितले.

आज सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. शिवलेल्या पिशव्या अजून भरलेल्याच होत्या, भिंतीला लावून ठेवलेल्या. मावशींनी दार उघडले. यजमानांनी खाटेवरून हात जोडले. मी म्हटले, अर्ज मी लिहिला, त्रास तुम्ही भोगला, दोष माझा आहे. या वेळी ते खरे होते, आणि बोलताना मला कळले की खरे असले की ते वाक्य किती आखूड होते. मावशींनी ऐकून घेतले. पाण्याचा पेला आणून दिला. मी उभ्यानेच प्यायले. आत या, असे त्या म्हणाल्या नाहीत.

आता तुझ्या-माझ्यातले. एकवीस दिवस मी तुझे परत करू शकत नाही. चौदाव्या वर्षापासून लपवलेले पान तुझ्या आयुष्यात कुठे लावायचे, तेही मला माहीत नाही. माझा अपराध सिद्ध आहे, साक्षीदाराची गरज नाही. माझी शिक्षा तू ठरव. कागदावर नको, जावक क्रमांक टाकून नको. समोर बसून, तुझ्या तोंडाने, 'मी तुला ही शिक्षा देतो' असे म्हणून दे. कमी कर, असे मी म्हणणार नाही.

मात्र माझ्याकडे येण्यापूर्वी मावशींकडे जा. त्यांचे दार तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी, डावीकडून दुसरे. तुलाही त्या पाणी देतील. आत बोलावतील अशी अपेक्षा धरू नकोस.

तरी जा.

आत्या